दुसऱ्या डिस्कचा अर्ज

आमच्या समोरच्या दारातल्या ताईनं शाळेच्या स्टोअरकीपरच्या डोक्यात हार्ड डिस्क घातली, अशी बातमी बुधवारी दुपारी आमच्या जिन्यानं वर चढली. तळमजल्यावर नुसती डोक्यात घातली होती. दुसऱ्या मजल्यावर टाके पडले आणि चौथ्यावर पोहोचेस्तोवर माणूस बेशुद्ध झाला. इमारत चारच मजल्यांची आहे हे त्याचं नशीब. आणखी एक मजला असता तर आम्हाला त्याला खांदा द्यायला जावं लागलं असतं.

खरं सांगतो. त्याच्या कपाळावर टेंगूळ आहे, पण ते शाळेच्या जिन्याखालच्या खोलीच्या बुटक्या दारानं दिलेलं. ताईनं त्याला हात लावला नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. त्याच्या मुठीतली डिस्क तिनं सोडवून घेतली, एकेक बोट उघडून, करंगळीपासून सुरुवात करून. मी तिथंच होतो. त्या शाळेची गाडी मी चालवतो, म्हणजे ही बातमी हक्कानं माझी. ती दुसऱ्याच कुणीतरी माझ्याआधी सोडली, आणि तीही अशी नासवून, याचं दुःख मला वेगळंच आहे.

ताईला माघारी सगळे ठिणगी म्हणतात. नाव मीच ठेवलंय. चाळिशीला टेकलेली, काटकुळी, आणि केसांच्या गाठीत बायका पेन खोचतात तिथं हिचा स्क्रू ड्रायव्हर. घरात आई आणि धाकटा भाऊ. भावाला जन्मापासून ऐकू येत नाही. तो छापखान्यात कागद कापायच्या यंत्रावर असतो, आणि त्या यंत्राचा धडधडाट त्याला सोडून सगळ्या गल्लीला छळतो. बहीणभाऊ दोघंही तापट, पण त्यांची भांडणं हातांनी चालतात. शेजाऱ्यांवर याहून मोठा अन्याय नाही. कान टवकारून पॅसेजमध्ये उभं राहावं, तर आतून नुसती तळहातावर तळहात आपटल्याची फटफट, आणि मध्येच त्यांच्या आईचं, "अरे, ताटं तरी बाजूला करा." एकदा आमच्या हिनं विचारलं, "एवढं काय ऐकताय तिथं?" मी म्हटलं, "काही ऐकू येत नाही, तेच तर ऐकतोय."

ताई ज्या शाळेत आहे ती अशाच, ऐकू न येणाऱ्या मुलांची. बारा वर्षांपूर्वी ती तिथं टायपिस्ट म्हणून लागली. मग शाळेत संगणक आले. वायरींना हात लावायला कुणी तयार होईना, म्हणून हिनं लावला. तो आजवर काढता आलेला नाही. सगळ्या शाळेचं इंटरनेट ती एकटी सांभाळते, आणि हजेरीपत्रकात तिच्या नावापुढं अजून टायपिस्टच लिहिलेलं आहे. हे मी तिला एकदा हसत हसत म्हणालो. ती हसली नाही.

आता तिचा राग कशावर, ते सांगतो. त्या शाळेत अर्धे धडे व्हिडिओवर असतात. पडद्यावर शिक्षक हातांनी बोलतात, मुलं बघून शिकतात. इंटरनेटची लाइन बारीक. एका वर्गातली पंधरा मुलं एकदम एकच धडा उघडायची आणि व्हिडिओ मध्येच गोठायचा. ऐकणाऱ्या मुलांच्या शाळेत चित्र थांबलं तर आवाज तरी पुढं जातो. इथं हात थांबला की शब्दच अर्धा. एकदा मी वर्गाच्या दारात उभा होतो. उष्णतेनं वस्तू फुगतात हा धडा चालू होता. पडद्यावरच्या बाईंनी दोन्ही हात फुगा फुगवावा तसे वर न्यायला घेतले आणि तिथंच थांबल्या. पंधराच्या पंधरा मुलांनी हात तितकेच वर नेले आणि बाई हलतील म्हणून वाट बघत बसली. चार मिनिटं. एकानंही हात खाली घेतला नाही, कारण पुढचा भाग कळेपर्यंत ती खूण पुरी होत नव्हती. माझ्या शेजारी ताई उभी होती. तिनं केसांतला स्क्रू ड्रायव्हर काढला, पुन्हा खोचला आणि ऑफिसकडे गेली.

यावर उपाय होता, आणि तो तिला माहीत होता. जिन्याखालच्या खोलीत एक जुना संगणक चोवीस तास चालू असतो. त्याला फायरवॉल म्हणतात, म्हणजे शाळेच्या दारावरचा पहारेकरी. बाहेरून येणारं सगळं त्याच्या हाताखालून आत येतं. ताईचं म्हणणं असं की त्यानं एकदा आणलेली वस्तू साठवून ठेवावी. पहिल्या मुलानं धडा मागितला की तो बाहेरून आणायचा, बाकीच्या चौदांना साठ्यातून द्यायचा. मला हे लगेच पटलं. मी काय एकेका पोरासाठी वेगळी खेप मारतो? एका खेपेत गाडी भरून आणतो.

पण त्या पहारेकऱ्याकडे डिस्क एकच, आणि तीही लहान. त्याचं स्वतःचं चालणं-बोलणं, कोण आलं कोण गेलं याच्या नोंदी, सगळं तिच्यावरच. धड्यांचा साठाही तिथंच कोंबला तर डिस्क तुडुंब भरणार आणि पहारेकरीच आडवा होणार. म्हणून साठ्यापुरती एक दुसरी डिस्क हवी, पहिलीच्या शेजारी. तळहाताएवढी वस्तू. शाळेच्या स्टोअरमधल्या एका कपाटात अशा चार नव्या कोऱ्या पडून होत्या.

आता त्या शाळेची रीत ऐका. स्टोअरच्या दारावर पाटी आहे, "जुने जमा करा, नवे घ्या." झाडू हवा तर झिजलेला झाडू आणायचा. बल्ब हवा तर गेलेला बल्ब. बादलीची कडी तुटली की बादली घेऊन जायचं. बत्तीस वर्षं स्टोअरकीपरनं ही रीत पाळली आहे, आणि फॉर्मही त्याच रीतीनं छापलेला. वस्तूचं नाव, खराब होण्याचं कारण, जमा केल्याची तारीख. चांगल्या वस्तूच्या जोडीला आणखी एक हवी, असं लिहायला त्यात जागाच नाही.

ताईनं तरी लिहिलं. कारणाच्या रकान्यात तिनं स्वच्छ अक्षरात लिहिलं, "पहिली डिस्क उत्तम आहे. तिच्या जोडीला दुसरी हवी." साहेबांनी बोलावलं. साहेब म्हणजे शाळेचे अधीक्षक, मऊ बोलणारे, टेबलावर एक कण धूळ न खपणारे. मी गाडीच्या फेऱ्यांची वही द्यायला गेलो होतो, तो बाकावर बसून राहिलो.

"पहिली भरली का?" साहेबांनी विचारलं.

"भरू द्यायची नाही, म्हणूनच दुसरी मागतेय."

"म्हणजे पहिली चांगली आहे."

"चांगली आहे, साहेब. तसं लिहिलंय."

"मग दुसरी कशाला?"

"तुम्ही डाव्या पायातला बूट फाटल्यावर मग उजव्यात घातला का?"

साहेबांनी टेबलाखाली स्वतःच्या पायांकडे बघितलं. मी वहीत तोंड घातलं. अर्ज परत आला. दुसरा केला, तोही आला. आठ महिने गेले. आठ महिने मुलं हात वर धरून बसत होती.

तिसरा अर्ज मंजूर झाला. कसा, तर ऑफिसातल्या कारकुनानं तो फॉर्मात बसवला. "जोडीला" खोडून "बदली" लिहिलं आणि साहेबांनी न वाचता सही केली. ताईला एवढंच कळलं की डिस्क मिळणार. त्या दिवशी ती भावाशी भांडली नाही, आणि पॅसेजमध्ये मला चक्क "काय दादा, बरे आहात ना?" म्हणाली. मला जरा काळजीच वाटली.

मग तो बुधवार. दुपारी दोन वाजता वरच्या वर्गातल्या तेवीस मुलांची तंत्रशाळेच्या प्रवेशाची परीक्षा होती. प्रश्न खुणांच्या व्हिडिओत, बाहेरून इंटरनेटवर येणार, आणि बरोबर दोनलाच उघडणार. त्या दिवशी जो बसला नाही त्याचं वर्ष गेलं. सकाळी अकराला ताई वर्गात पडदे तपासत होती. तेवढ्यात स्टोअरकीपर काका जिन्याखाली गेले. मंजुरीचा कागद खिशात, नवी डिस्क हातात. कागदावर बदली लिहिलेलं. त्यांनी चालू यंत्राचं झाकण उघडलं, आतली एकुलती एक डिस्क उपटली, नवी डिस्क पिशवीसकट यंत्रावर ठेवली, पावती फाडली, उठताना दाराच्या चौकटीवर कपाळ आपटून घेतलं आणि निघून गेले. एका क्षणात सगळ्या शाळेचे पडदे गेले.

ताई धावत जिन्याखाली आली, यंत्र बघितलं आणि तशीच स्टोअरकडे गेली. मी तिच्या मागं. काका डिस्क मुठीत धरून कपाळाला ओला रुमाल लावत बसले होते.

"काका, ती द्या."

"ही जमा झाली, ताई. पावती फाडली."

"शाळा बंद पडलीय."

"नवी ठेवलीय ना तिथं?"

"नवी कोरी आहे. तुमचं डोकं काढून नेलं आणि जागेवर नवी टोपी ठेवली, तर चालाल का तुम्ही?"

"मी कागदाप्रमाणं केलं. कागदावर बदली लिहिलंय. आणि जमा डिस्कला त्याच दिवशी भोक पाडायचं असतं. आतली माहिती बाहेर जाऊ नये म्हणून."

ताईचा आवाज एकदम खाली आला. "पाडलं?"

"ड्रिल सुताराकडे गेलंय."

तिनं मग ती बोटं उघडली, जी मी आधीच सांगितली. काकांनी आरडाओरडा केला नाही, नुसते "ताई, अहो ताई" म्हणत राहिले. पण दार उघडं होतं, आणि दाराबाहेरून भाजीवाली जात होती. आमच्या जिन्यातली बातमी कुठून आली ते आता तुम्हीच समजा.

डिस्क घेऊन ती यंत्राकडे वळली, तर मध्ये साहेब. त्यांनी हात पुढं केला आणि डिस्क घेतली. सौम्यपणे. ऑफिसात नेऊन खणात ठेवली. कारकुनानं ताईच्या नावानं एक कागद टाइप करून आणला. माझ्या अर्जातील चुकीच्या शब्दांमुळे यंत्र बंद पडले, मी स्टोअरकीपरांशी गैरवर्तन केले, याबद्दल मी दिलगीर आहे.

"सही करा आणि डिस्क घेऊन जा," साहेब म्हणाले. "मला वर उत्तर द्यावं लागतं."

"मी बदली लिहिलंच नव्हतं. माझा अर्ज काढा."

"तो दप्तरात गेला. शोधायला संध्याकाळ होईल."

घड्याळात बारा वीस. ती डिस्क नसती तर सगळी मांडणी पहिल्यापासून करायला दीड दिवस लागला असता. हे साहेबांना माहीत होतं, कारण तिनंच ते दुसऱ्या अर्जात लिहिलं होतं. म्हणजे तो अर्ज तरी त्यांनी वाचला होता, आणि वाचून असा वापरला. मी आयुष्यभर लोकांची थट्टा करत आलो, पण त्या क्षणी मला एकही विनोद सुचला नाही. गाडीची किल्ली मुठीत इतकी आवळली की तळव्यावर खूण उठली.

ताई साहेबांकडे बघून हातांनी काहीतरी बोलली. बरंच बोलली, वेगानं, एका दमात. साहेब नऊ वर्षं त्या शाळेत आहेत आणि त्यांना त्या भाषेतला एक शब्द येत नाही. त्यांनी समजूतदारपणे मान हलवली. मला गाडीतल्या पोरांमुळे बऱ्यापैकी समजतं. काय म्हणाली ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मग तिनं सही केली. पेन कागदाच्या आरपार गेलं.

जिन्याखाली मी बॅटरी धरली. तिनं जुनी डिस्क तिच्या जागी बसवली, नवी शेजारच्या खाचेत, दोघींना वायर जोडली. यंत्रानं दोन्ही ओळखल्या. नवी तिनं साठ्यापुरती तयार केली आणि यंत्राला सांगितलं, ठेवायचं ते इथं, पहिलीला हात लावायचा नाही. इतकं करून थांबली नाही. यंत्र मुद्दाम बंद करून परत चालू केलं, दुसरी डिस्क आपणहून सापडते का ते बघायला. सापडली. "उद्या वीज गेली तर हा विसरायला नको," एवढंच म्हणाली. तोवर एक पस्तीस झाले होते.

दोनला प्रश्न उघडले. पहिल्या मुलीच्या पडद्यावर क्षणभर गोल फिरला, मग बाई बोलायला लागल्या. बाकी बावीस पडद्यांवर लगेच. तेवीस पडद्यांवर हात हलत होते आणि दीड तासात एकही थांबला नाही. ताई मागच्या भिंतीला पाठ लावून उभी होती. तिचे हात मात्र काखेत दाबलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीची वही घेऊन गेलो, तर सूचना फलकावर तिचा माफीचा कागद, पेनानं पडलेल्या भोकासकट. स्टोअरकीपर काका त्याच्यासमोर उभे होते. मला बघून म्हणाले, "माझं नाव कशाला घातलं यात? मी तक्रार केली नव्हती." आणि खाली बघत निघून गेले. तेवढ्यात ताई आली. तिनं कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि सरळ साहेबांच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिली.

साहेबांनी फाइल मिटली. "अजून राग धरून बसलात, ताई? परीक्षा छान झाली ना? तो कागद म्हणजे नुसती औपचारिकता."

"औपचारिकता असेल तर काढा तो," ताई म्हणाली. "आणि खरा असेल तर राहू द्या, पण माझा अर्ज शोधून त्याच्या शेजारी लावा. काल मुलांची परीक्षा होती, म्हणून मी खोट्यावर सही केली, साहेब. आज परीक्षा नाही."