कर्ज मंजूर झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन

मी पुण्याला निघाले त्या सकाळी आमच्या फाट्यावर माझा फ्लेक्स झळकत होता. कॉलेजच्या ओळखपत्रावरचा घाबरलेला फोटो मोठा करून छापलेला, भोवती झेंडूची माळ, आणि खाली मजकूर: ‘आपल्या तांड्याची कन्या कु. सुनीता हिला एमएस्सी रसायनशास्त्रासाठी बँकेचे कर्ज मंजूर झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक: समस्त तांडा.’

एसटीत चढले तर पुढच्या सीटवरचे दोघं खिडकीतून तेच वाचत होते. “आता कर्जाचंबी अभिनंदन व्हाले लागलं का बे!” एकजण म्हणाला, आणि दोघं पोट धरून हसले. मी स्कार्फ नाकापर्यंत ओढला. बाहेर फ्लेक्सखाली याडी, म्हणजे माझी आई, पदरानं डोळे पुसत होती. शाळेत जाणारी धाकटी रेश्मा हात हलवत होती. बा मात्र सत्कार स्वतःचाच असल्यासारखा ताठ उभा होता.

आदल्या दिवशी मी त्याच्याशी कडाकडा भांडले होते. कर्ज म्हणजे बक्षीस नव्हे, तांड्याच्या प्रमुखाला, नायकाला सांगून तो फ्लेक्स उतरवा, म्हणाले. बा दारव्हा ते दिग्रस काळी-पिवळी जीप चालवायचा, वाटेतल्या सगळ्या गावांनी केलेली थट्टा त्याला रोजची. तो म्हणाला, “हासू दे लोकायले. आपल्याले बँकेनं आजवर दारातच उभं ठेवलं. तुह्या पायी मले खुर्ची देल्ली, सायबानं चहा पाजला. तांड्याले कायले खुशी होणार नाही?” कर्जाच्या कागदांवर सहकर्जदार म्हणून त्याचीच सही होती.

पुण्यात आल्यावर मी कर्जाचा विषयच काढला नाही. वर्गातल्या मुली वडिलांच्या ईएमआयबद्दल बोलायच्या, तो फ्लॅटचा असायचा. माझं कर्ज शिक्षणाचं, म्हणजे डोक्याचं होतं. शिकत असेपर्यंत हप्ता नव्हता, पण व्याज मुकाट्यानं चढत होतं. ते फ्लेक्सवर कुठंच छापलेलं नव्हतं.

आता मी भोसरीला औषधांच्या एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. एचपीएलसी या मशीनवर औषधांचे नमुने लावायचे, पडद्यावर एकेका घटकाचा उंचवटा उमटताना पाहायचा. काम आवडतं. पण कँटीनच्या रांगेत उभी राहिले की बोटं आपोआप मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर जातात. बीएस्सीला माझ्या बाकावर बसणारी वनिता लगेच यवतमाळकडच्या तेलाच्या कारखान्यात प्रयोगशाळेला लागली. माझा पहिला पगार व्हायच्या आत तिच्या घराचा पक्का स्लॅब टाकून झाला. माझा इन-हँड तिच्यापेक्षा थोडा जास्त, आणि हप्ता, पीजीचं भाडं गेलं की बराच कमी. पगारवाढ झाली की गाठेन तिला, असं दर वर्षी म्हणते. मग नोकरीचं अ‍ॅप उघडते, बायोडेटा बदलते, खोली बदलते. एके जागी बूड टिकत नाही. इथं ज्वारीची भाकर आठवून जीव तुटतो, आणि दिवाळीला तांड्यावर गेले की दुसऱ्याच दिवशी पाय शिवशिवायला लागतात.

गेल्या दिवाळीला मागच्या अंगणात गेले तर तो फ्लेक्स दिसला. तुरीच्या कुटाराचा, म्हणजे भुशाचा, ढीग त्यानं झाकला होता. माझा चेहरा उलटा, हनुवटीवर दगड, आणि ‘कर्ज’ हा शब्द अजून ठळक. मला हसू आलं आणि रडूही आलं.

आता रेश्माची बीएस्सी झाली आहे. त्याच तेलाच्या कारखान्यानं तिला बोलावलंय, आणि एमएस्सीला पुण्यात जागाही मिळतेय. बाची जीप विकली गेली, त्याचं वय झालं. या वेळी सहकर्जदार मलाच व्हावं लागेल. म्हणजे माझा हप्ता फिटत नाही तोवर तिचा मानेवर, आणि ही नोकरी सोडायचा विचारसुद्धा करायचा नाही.

परवा तिचा फोन आला. “बाई,” ती म्हणाली. मोठ्या बहिणीला आमच्यात बाईच म्हणतात. “खरं खरं सांग. परवडलं का तुले?”

मी काही लपवलं नाही. व्याज, भाडं, वनिताचा स्लॅब, सगळं सांगितलं. ती म्हणाली, “म्हंजे तू तोट्यातच हायेस. मंग वापस काहून येत नाहीस?”

मी म्हणाले, “सकाळी मशीन सुरू केलं ना रेश्मा, की एका थेंबात काय काय आहे ते मला दिसतं. तेवढा वेळ मला हप्ता आठवत नाही.”

“मंग मी फ्लेक्ससाठी फोटो काढून ठेवतो,” ती म्हणाली. “तुह्यासारखा घाबरलेला नाही काढणार.”

तिच्या कर्जावर सही करणार आहे मी. नोकरीत अडकून पडेन, तरी करणार आहे. पुण्यात माझं कर्ज ही स्कार्फखाली झाकायची गोष्ट आहे. अख्ख्या जगात एकाच फाट्यावर ते माझ्या फोटोसकट, माळ घालून, सगळ्यांना दिसेल असं टांगलं होतं. घर म्हटलं की आता मला तो फाटाच दिसतो.

बाला निरोप धाडलाय: नवा फ्लेक्स मोठा करा, आणि खाली सहकर्जदार म्हणून माझं नाव टाका.