यमुनाची रोजची सुई

दवाखान्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. रोगी बरे होऊन घरी जातात, किस्से मुक्कामाला राहतात. साठ सालाच्या आसपास मी कामशेतच्या एका दवाखान्यात मलमपट्टीला लागले. शाळा माझी चौथीत सुटली, पण डॉक्टरांची शरीरशास्त्राची पुस्तकं मी एकेक करून वाचून काढली. शरीरातल्या ग्रंथी मला कुणी शिकवल्या नाहीत. म्हणूनच त्या पक्क्या आहेत.

*

एक सासू सुनेला घेऊन आली. म्हणाली, हिला आळसावर औषध द्या, दिवसभर भिंतीला टेकून असते, भर उन्हात थंडी वाजते म्हणते. डॉक्टरांनी सुनेचा गळा चाचपला. गळ्यातली ग्रंथी मंदावली की सगळं अंगच मंदावतं; चुलीचा जाळ उतरला की भात शिजत नाही, तसं. गोळ्या सुरू झाल्या. काही महिन्यांनी सासू एकटीच आली.

"डाक्टर, गोळ्या जरा कमी करा. कामाला वाघीण हाय, पण आता उलटं बोलती!"

मी म्हटलं, "मावशी, ते गोळ्यांनी नाही. ते आधीपासून आत होतं, बोलायला ताकद नव्हती."

*

यमुना भाजे गावची. लहानपणीच सारखं पाणी प्यायची आणि वाळून काडी होत चालली होती. जठरामागची ग्रंथी आटलेली. तिथून इन्शुलिन रक्तात उतरतं, तेव्हाच खाल्लेली साखर अंगी लागते. यमुनाला ते सुईनं द्यायचं, रोज, जन्मभर. नाही दिलं तर मरण. तिच्या आईला मी टोचायला शिकवलं आणि बाटली गार जागी ठेवायला बजावलं.

थोड्याच दिवसांत पोरगी बेशुद्ध, बैलगाडीतून आणली. सुई तर रोज दिली होती. मग कळलं, पोरीचा जीव ज्यात आहे ती बाटली ठेवली होती देव्हाऱ्यात, अखंड समईला खेटून! उबेनं औषध मेलेलं.

"देवाजवळ न्हाई तर कुटं ठेवू?" आई रडत म्हणाली.

"माठाखाली, ओल्या वाळूत. देव तिथंही बघतो."

पोरगी वाचली.

*

पुढं यमुनाचं लग्न ठरलं. मुलगा पवनेच्या खोऱ्यातला, लोणावळ्याला रेल्वेत. मुलाकडच्यांना सुईचं सांगितलं नव्हतं. मी तिच्या बापाला सुनावलं, सांगून टाका, भाऊ. तो म्हणाला, सांगितलं तर मोडंल.

लग्नाच्या दिवशी सकाळी सुई दिली, आणि मुहूर्तापर्यंत नवरीचा उपास! सुई घेऊन पोट रिकामं ठेवलं की रक्तातली साखर खाली जाते, माणूस उभ्याउभ्या कोसळतं, प्रसंगी जातंही. मी लग्नाला होते; गूळ घेऊन नवरीच्या खोलीत गेले, तर नवऱ्याकडच्या बायका तिच्याभोवती बसलेल्या. यमुनाच मानेनं नको म्हणाली.

मंगलाष्टकं लांबत चालली. अंतरपाटामागं यमुनाला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. ओंजळीत जिरेगूळ होता, पडदा सरला की नवऱ्याच्या डोक्यावर ठेवायचा. मी मांडवातून ओरडले, "खा!"

तिनं खाल्ला.

अंतरपाट सरला. नवरीची ओंजळ रिकामी, ओठांना जिरं लागलेलं. नवऱ्यानं तिच्याकडं पाहिलं, आणि आपल्या ओंजळीतला जिरेगूळ तिच्या डोक्यावर न ठेवता तिच्या तोंडात भरवला.

भटजी म्हणाले, "अहो, हे काय?"

"आमच्यात अशीच रीत हाय."

त्याची आई शेजारीच उभी होती. तिनं त्याच्याकडं पाहिलं, यमुनाकडं पाहिलं, आणि म्हणाली, "व्हय."