काकडीत बसायचे कपडे

जुने स्वेटर आणि जुने किस्से यांचं एकच आहे. दोन्ही टाकवत नाहीत, थंडी पडली की बाहेर निघतात, आणि घरातले म्हणतात, "काढलंत का पुन्हा?" आमच्या काकडीचे किस्से असेच माझ्याकडे साठून राहिलेत. थंडी पडलीच आहे, तर काढतो.

काकडी म्हणजे होडी. सत्तरच्या दशकात मी कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर होतो, दत्तू वेल्डर आणि नाना स्टोअरला. नाना फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनीत निघालेले. तिकडे आसामात कुठल्याशा नदीवर त्यांनी एका माणसापुरती लांबट, अरुंद होडी पाहिली होती. माणूस पाय पसरून आत बसलेला आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं एकच वल्हं. नानांच्या घरामागूनच कृष्णा वाहते. "असल्या होडीतनं गळ टाकला तर मासा निस्ता ताटात यील," असं ते वर्षभर सांगत राहिले. शेवटी वहिनींनी, म्हणजे नानांच्या बायकोने, म्हशींच्या गव्हाणीसाठी आणून ठेवलेला पत्रा एका रविवारी आमच्या हातून वाकवला गेला.

वहिनी माहेराहून परतल्या तेव्हा होडी तयार होती. त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. "काकडीगत दिसतीया," म्हणाल्या. मग पदर खोचून अट घातली. "पत्रा माझा हाय. ज्या दिवशी तुमच्यातला एक जण जरी नदीत पडून भिजून घरला आला, त्या दिवशी हिची गव्हाण हुईल."

"अन् न्हाई पडलो तर?" नानांनी विचारलं.

"तर म्हशी खात्यात की भुईवर."

तेव्हापासून आमच्यापुढे एकच प्रश्न उरला. काकडीत बसताना अंगात घालायचं काय?

* * *

दत्तूला भाद्रपदातही थंडी वाजायची. डिसेंबरातल्या पहिल्या रविवारी तो सायकलवरून आला, तेव्हा आधी मला वाटलं कोणीतरी गादी घेऊन येतंय. दोन बनियन, शर्ट, स्वेटर, त्यावर बायकोची शाल आडवी बांधलेली, कानटोपी, मफलर आणि सगळ्यावर रेनकोट.

आम्ही दोघांनी दाबून त्याला काकडीत बसवला. पाण्यात गेल्यावर लक्षात आलं की त्याचे हात खाली येत नाहीत. वल्हं समोर आडवं, आणि हा दोन्ही हात पसरून बुजगावण्यासारखा बसलेला. तेवढ्यात गळाला मासा लागला. दोरी ताणली, काकडी वाकडी झाली.

"ओढ रं!" नाना काठावरून ओरडले.

"ओढतो, पण हात कुटंय माझा?"

घाटावर धुणं धूत बसलेल्या बायकांनी पिळे खाली ठेवले. मासा दोरी तोडून गेला. दत्तू प्रवाहाच्या मर्जीने पाऊण मैल खाली जाऊन एका झुडपाला अडकला. वहिनी दुरून सगळं बघत होत्या. त्या म्हणाल्या, "भावजी, पुढच्या बारीला घरच अंगात घालून या."

* * *

नाना फौजी माणूस. त्यांनी दुसऱ्याच दिवशी नियम काढला. नदीत घालायचा कुठलाही कपडा आधी पास झाला पाहिजे. परीक्षेची जागा म्हणजे गोठ्यापुढचा म्हशींचा हौद. शनिवारी हाफ डे सुटला की आम्ही नदीचा पोशाख करून छातीभर पाण्यात बसायचं आणि नाना म्हणाले "ऊठ" की कशाचाही आधार न घेता उठून काठावर चढायचं. चढला तर कपडा पास. शेजारी म्हशी रवंथ करत बघायच्या.

हौदात भिजलं तर अटीत बसतं का, हे आधी वहिनींना विचारून घेतलं. "हौद माझा हाय," त्या म्हणाल्या, "त्यात बसा न्हाईतर निजा. नदीचं पाणी अंगावर नगं."

मी मिरजेच्या बाजारातून हौसेने घेतलेले गमबूट पहिल्याच शनिवारी नापास झाले. दोन्हींत काठोकाठ पाणी. नाना "ऊठ" म्हणाले, मी उठलो, बूट नाही उठले. तेव्हापासून मी कॅनव्हासचे जोडे घालू लागलो.

* * *

नानांचा स्वतःचा ओव्हरकोट मात्र परीक्षेतून सुटला होता. फौजेतला, घोट्यापर्यंतचा, पितळी बटणांचा. त्या कोटावर त्यांचा जीव. "ह्यानं हिमालय बघितलाय. हौद काय घिऊन बसलास?"

दत्तू हट्टाला पेटला. नियम म्हणजे नियम. शेवटी नाना सगळी बटणं लावून, छाती काढून हौदात बसले.

"उठा," दत्तू म्हणाला.

नाना हलले नाहीत. "जरा पाण्याचा अंदाज घेतोय."

थोड्या वेळाने दत्तू पुन्हा म्हणाला, "उठा." नानांचा चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा ताठल्या, कोट मात्र हौदाच्या तळाला ठाण मांडून होता. त्याने हौदातलं निम्मं पाणी पिऊन टाकलं असावं. बटणं काढायला ते तयार नव्हते, कारण तो पराभव झाला असता.

वहिनी कासरा घेऊन आल्या. त्यांनी तो नानांच्या काखेतून घातला, आम्ही तिघांनी ओढला. नाना बाहेर आले तेव्हा वहिनी शांतपणे म्हणाल्या, "आवं, हिमालयानं ह्याला परत का लावून दिलं, ते आज कळलं."

कोट आठवडाभर वाळत होता. मग तो रेडकाच्या अंगावर गेला. नानांनी मुकाट्याने लोकरीची जर्सी, पोटरीपर्यंतची पँट आणि कॅनव्हासचे जोडे पत्करले. लोकर ओली झाली तरी ऊब सोडत नाही आणि जर्सी अंगाबरोबर उठते, हे त्यांनी स्वतः हौदात बसून मान्य केलं.

* * *

पोहायला शिकताना पाठीला बांधतात तसा तोंड बंद केलेला पत्र्याचा डबा काकडीत प्रत्येकाने बांधायचा, हा पुढचा नियम. डबे कथलाचा डाग देऊन बंद करायचं काम दत्तूकडे. त्याने ते इतकं मन लावून केलं की थेंब आत जाईना.

रविवारी दुपारी आम्ही काठावर जेवायला बसलो. दत्तू बसेना. पाठीवरचा डबा पुढे घेऊन नुसता कानाशी हलवत होता.

"काय झालं रं?" नानांनी विचारलं.

"भाकरी कोरडी ऱ्हावी म्हणून काल आत ठेवली. मग डाग दिला."

वर्कशॉप सोमवारी सकाळी उघडणार होतं. त्या दिवशी आमच्यातलं सगळ्यात सुरक्षित काही असेल तर ती भाकरी.

* * *

मधेच एक बारीकशी गोष्ट. एका सकाळी काकडी गोठ्यातून काढली तर बसायच्या जागी पोत्याची घडी नीट घालून ठेवलेली. आमच्यापैकी कोणीच ठेवली नव्हती. वहिनींना विचारलं तर म्हणाल्या, "गव्हाणीचं माप घेत हुते." दत्तूने त्या दिवशी काकडीला हात लावून नमस्कार केला.

* * *

आणि तो रविवार. हाडं गोठवणारी थंडी, पाण्यावर धुकं. नाना काकडीत होते, आम्ही दोघं काठावर. त्यांच्या गळाला मरळ लागली, चांगली हातभर. काकडीत उभं राहायचं नाही, हा नियम नानांचाच. पण मासा वर आला आणि आनंदाच्या भरात हवालदार तो दाखवायला उभे राहिले.

मासा गेला, नाना गेले, काकडी पालथी झाली. आम्ही दोघं तसेच आत धावलो. कपडे सगळे पास झालेले, त्यामुळे नाना स्वतःच उठून काठावर आले. काकडीही ओढून काढली. जिवाला काही झालं नाही. पण तिघंही नखशिखान्त ओले.

"गव्हाण," नाना म्हणाले. इतका पडलेला आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

वहिनी वैरणीला मळ्यात गेल्या होत्या. दत्तूला एकदम सुचलं. आम्ही काकडी गोठ्यात टाकली आणि तिघंही जाऊन हौदात बसलो. ओलं व्हायची परवानगी असलेली ती एकच जागा.

वहिनी डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन आल्या. थांबल्या.

"काय चाललंय?"

"परीक्षा," नाना म्हणाले. दात वाजत होते.

"परीक्षा शनवारी असती."

"फेरपरीक्षा हाय, वैनी," दत्तू म्हणाला.

तेवढ्यात नानांच्या जर्सीच्या गळ्यातून एक बोटभर मासा बाहेर पडला आणि हौदात मजेत पोहू लागला. आम्ही तिघं त्याच्याकडे बघत राहिलो. म्हशीनेसुद्धा रवंथ थांबवला.

वहिनींनी भारा खाली ठेवला आणि घरात गेल्या. "हातोडा आणाय गेली," नाना पुटपुटले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. मला त्यांच्याकडे बघवेना.

वहिनी बाहेर आल्या. नऊवारीचा काष्टा घट्ट ओढलेला, वर नानांची दुसरी जर्सी, पाठीला दत्तूने डाग दिलेला डबा.

"उठा तिघं. हौद मोकळा करा."

आम्ही उठलो. त्या हौदात उतरल्या, गळ्यापर्यंत बसल्या, आणि कोणी "ऊठ" म्हणायच्या आत, हात न टेकता, एका दमात काठावर येऊन उभ्या राहिल्या. अंगावरून पाण्याच्या धारा वाहत होत्या.

"झाले न्हवं पास?" त्यांनी नानांना विचारलं. मग गोठ्यात जाऊन काकडीत पोत्याची ती घडी घातली आणि वल्हं उचललं.

"म्हशींची धार काढून ठेवा. मी येते जाऊन."