हेमराजच्या सायकलवर उनपदेव, आणि मागच्या शॉकपमधली हवा

शनिवार, १३ डिसेंबर. पहाटे साडेपाचला जळगावातून निघालो. विदगाव, धानोरा, अडावद, उनपदेव आणि त्याच रस्त्याने परत. एकटाच होतो. सायकल माझी नव्हती. अंधार पडायच्या आत घरी आलो. उजवा गुडघा खरचटला, बाकी काही झालं नाही.

ज्यांना फक्त रस्ता जाणून घ्यायचा आहे त्यांना एवढं पुरे. पण माउंटन बाइक घेताना हार्डटेल घ्यावी की फुल सस्पेन्शन, हे मला या ब्लॉगवर बरेच जण विचारतात. आजवर मी फक्त हार्डटेलवरून उत्तर देत आलो. या वेळी दुसरी सायकल चालवून पाहायची होती, आणि ती ठेवायची की विकायची हेही ठरवायचं होतं.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. हार्डटेल म्हणजे फक्त पुढच्या चाकाला शॉकप, मागे सरळ लोखंड किंवा अॅल्युमिनियम. फुल सस्पेन्शनला मागेही शॉकप. माझी हार्डटेल आहे. फुल सस्पेन्शन माझ्या बायकोच्या धाकट्या भावाची, हेमराजची. पाचोऱ्याला त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं. उंच, जाड, मोठ्या आवाजाचा माणूस. श्रावणात दुकानात गल्ल्यावर बसल्या जागी गेला. छातीत दुखतंय असंही म्हणाला नाही.

जुन्या लेखांमध्ये तो आहे. माझ्या सायकलला 'बिनगादीची बाज' म्हणणारा तोच. "दाजी, घरी जाऊन ताईला पाठ शेकायला सांगा," असं दर खड्ड्यानंतर ओरडायचा. मी त्याच्या सायकलला पाळणा म्हणायचो. तो म्हणायचा, "मग अंगाई म्हणा ना, तेवढीच कमी आहे."

सायकल त्याच्या घराच्या ओट्यावर उभी होती. दिवाळीनंतर आम्ही पाचोऱ्याला गेलो तेव्हा त्याची बायको सरला मला म्हणाली, "भाऊजी, सकाळी दार उघडलं की ती दिसते आणि मला वाटतं, आले. तुम्ही घेऊन जा. ठेवा नाहीतर विका, पण इथं नको." मी ओळखीच्या टेम्पोत घालून ती जळगावला आणली. आमच्या पार्किंगमध्ये दोन सायकली मावत नाहीत. एक जायला हवी होती.

आता मुद्द्याची गोष्ट. मागच्या शॉकपमध्ये हवा असते आणि ती चालवणाऱ्याच्या वजनाप्रमाणे भरतात. आपण बसलो की शॉकप पाव हिस्सा किंवा जरा जास्त दबला पाहिजे. कमी दबला तर हवा जास्त आहे. शॉकपच्या दांड्यावर एक रबरी कडी असते. शॉकप दबला की ती सरकते आणि तिथेच राहते. त्यावरून सगळ्यात जास्त किती दबला ते कळतं. हेमराज पंच्याण्णव किलोच्या आसपास होता, मी बासष्ट. म्हणजे मला ती सायकल नीट चालवायची तर आधी हवा काढायला हवी होती. ते एका मिनिटाचं काम आहे. व्हॉल्व्हचं टोपण काढायचं आणि आतली पिन दाबायची.

मी ते केलं नाही. ती हवा त्याने भरलेली होती. मोजायला पंप जोडला तरी थोडी निघून जाते, म्हणून पंपही जोडला नाही. सीट तेवढी खाली केली.

विदगावच्या पुलापर्यंत धुकं होतं. खाली तापी दिसत नव्हती, गारवा तेवढा वर येत होता. पहाटे या रस्त्याला केळीचे ट्रक असतात आणि ते कडेला सरकत नाहीत, आपणच सरकायचं. मागे लाल दिवा हवाच. डांबरी रस्त्यावर फुल सस्पेन्शनचा उपयोग नाही. ती दोन-तीन किलोने जड असते, शिवाय हवा बरोबर असली तर पायडल मारताना मागून डुलते. माझ्याखाली ती डुलत नव्हती. मागचा शॉकप हलतच नव्हता. मी पैसे मोजून घेतलेल्या हार्डटेलपेक्षा ही जास्त हार्डटेल झाली होती.

धानोऱ्यापर्यंत दोन्ही बाजूंना केळी. पुढे कापसाची शेतं, वेचून झालेली, पऱ्हाट्या उभ्या. अडावदला फाट्यावर चहा आणि पोहे घेतले. टपरी एक अक्का आणि त्यांचे मालक चालवतात. दोघे आपसात अहिराणीत बोलत होते ('शे' म्हणजे आहे, 'ऱ्हास' म्हणजे असतो). मालकांनी सायकलला एक फेरी मारली.

"मांगे बी शॉकप शे व. फटफटीले ऱ्हास तसा."

"मंग पेट्रोल कितलं पेस?" अक्कांनी कढईवरून मान वर न करता विचारलं.

"बठ्ठं शे, इंजिनच नही."

सगळं आहे, इंजिनच नाही, यावर बाकावरचे दोघे हसले. मीही हसलो. मग अक्कांनी एकदा सायकलकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, ही सायकल तुमनी शे का?"

"का हो?"

"सायकल केवढी, नि तुम्ही येवढासा."

मी म्हणालो, पाहुण्यांची आहे. खोटं नव्हतं. त्यांनी पोह्यांवर आणखी शेव टाकली आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. पोहे चांगले होते. चहा गोड असतो, आधी सांगावं लागतं.

अडावदपासून उनपदेव पाचेक किलोमीटर, सातपुड्याच्या पायथ्याशी. रस्ता चढत जातो. तिथे गोमुखातून गरम पाणी पडतं आणि कुंडात साठतं. हिवाळ्यात सकाळी वाफ दिसते. रविवार नसल्याने गर्दी नव्हती. एक कुटुंब आंघोळ करत होतं. आई ओरडत होती, "कान धू, कान," आणि मुलगी "धुतले ना" म्हणत होती. मी पाय बुडवून बसलो. कपडे बदलायला आडोसा आहे, पण त्याची फार आशा धरू नका.

गेल्या डिसेंबरात आम्ही दोघे इथेच आलो होतो. पुढे डोंगराकडे जाणाऱ्या गाडवाटेवर त्याने मला थांबवून म्हटलं होतं की एकदा सायकली बदलू. मग स्वतःच नको म्हणाला. "तुमच्यासाठी हवा काढावी लागेल दाजी. तुमचं वजन म्हणजे कापसाचं एक बोचकं. आणि परत भरायची कोणी? पंप दुकानात राहिलाय." मी म्हणालो, पुढच्या वर्षी पंप आण. पंप या वेळी माझ्या पिशवीत होता.

त्या गाडवाटेवर मी सायकल घातली. जंगल खात्याची हद्द सुरू होते तिथून परवानगीशिवाय पुढे जाऊ नका, मीही गेलो नाही. अलीकडचा तुकडा पुरेसा वाईट आहे. नारळाएवढे सुटे दगड, मध्ये ओहोळाची कोरडी वाळू. खरी फुल सस्पेन्शन अशाच जागेसाठी असते. चाक दगडावर चढतं, शॉकप दबतो, आपण सीटवर तसेच बसलेले राहतो. हेमराज इथून गाणं म्हणत उतरला होता आणि मी मागून दात आवळून. या वेळी त्याच्याच सायकलवर मागचं चाक प्रत्येक दगडाला उसळत होतं. उतारावर एकदा उसळलं ते परत टेकलंच नाही नीट, आणि मी डाव्या हाताचा ब्रेक दाबायच्या आधी उजव्या गुडघ्यावर पडलो.

तिथेच बसून शॉकप पाहिला. कडी होती तिथेच होती, जवळजवळ टोकाला, त्याने शेवटची चालवली तेव्हा जिथे गेली असेल तिथे. माझ्या वजनाने शॉकप अर्ध्यापर्यंतही जात नव्हता. एवढे दगड खाऊन, पडून, मी ती कडी तसूभर सरकवली नव्हती. पिशवीतून पंप काढला. टोपणही काढलं. मग परत लावलं.

उनपदेवला परत आलो तेव्हा फोन आला. धुळ्याचे एक वकील आहेत, त्यांनी सायकलसाठी आधीच विचारणा केली होती.

"सर, एक विचारायचं राहिलं. आधीचे मालक वजनाने कसे होते? बारीक माणसाच्या सायकली माझ्याखाली टिकत नाहीत."

"पंच्याण्णवच्या आसपास."

"मग जमलं! मी अठ्ठ्याण्णव. मिसेसच्या मते शंभर, पण ती साक्ष ग्राह्य नाही." ते स्वतःच मोठ्याने हसले. "उद्या सकाळी येऊ का?"

फोन ठेवल्यावर माझ्या मनात आलं की यांना हवा बदलावी लागणार नाही. सायकल मी ठेवली तर मला कधीतरी ती हवा काढावीच लागेल. यांच्याकडे गेली तर ती आहे तशी चालत राहील, त्या वजनाखाली, ज्या वजनासाठी भरली होती. मी म्हणालो, या.

परतीच्या रस्त्यावर धानोऱ्याला जेवलो. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात, शंभरच्या आत. भरीत खायचं तर डिसेंबर-जानेवारीतच या. पुढे वारा समोरून होता. पुलावर आता तापी दिसत होती, पाणी बेताचं. फार काही आठवलं नाही. गुडघा दुखत होता.

आता निकाल, ज्यासाठी तुम्ही वाचत आलात. जळगाव-धुळ्याकडे राहणाऱ्या, डांबरी, कच्चा आणि शेतरस्ता असं मिश्र चालवणाऱ्या माणसाने हार्डटेल घ्यावी. हलकी, धुवायला सोपी, मागे बिघडण्यासारखं काही नाही. आपल्या काळ्या मातीची धूळ फुल सस्पेन्शनच्या सांध्यांत जाऊन बसते आणि करकर सुरू होते. शॉकपच्या दुरुस्तीला नाशिक किंवा पुणे. दर आठवड्याला डोंगरात जाणार असाल, पाठीचा त्रास असेल, तरच फुल सस्पेन्शन, आणि ती तुमच्या मापाची घ्या. दुसऱ्याची असेल तर आधी हवा तुमच्या वजनाला लावा. मी लावली नव्हती, म्हणून या सायकलबद्दल मी लिहिलेलं अर्धंच धरा. ती चांगली सायकल आहे.

रविवारी सकाळी वकीलसाहेब जीप घेऊन आले. चहा घेतला, गुडघ्याची चौकशी केली. माणूस खरोखर तेवढाच होता, खांदेही तसेच. खाली पार्किंगमध्ये सायकलवर हात फिरवून म्हणाले, "छान ठेवलीय." मी हो म्हणालो. मग त्यांनी खिशातून स्वतःचा पंप काढला, शॉकपचं टोपण उघडलं आणि मी काही म्हणायच्या आत नखाने पिन दाबली.

आवाज बराच वेळ येत राहिला.

"वापरलेली घेतली की मी आधी सगळी काढतो," ते म्हणाले. "कोणी किती भरली, कधी भरली, काय भरवसा? शून्यापासून सुरू केलेलं बरं." त्यांनी सीटवर जोर दिला. सायकल मागून खाली बसली आणि कडी दांड्याच्या अगदी टोकाला गेली. त्यांनी ती बोटाने परत खाली आणली, रुमालाने दांडा पुसला आणि पंप जोडला.

रेखा, माझी बायको, जिन्यात उभी होती. त्या हवेबद्दल मी तिला काही सांगितलेलं नाही.

"पंक्चर झाली का?"

"नाही. हवा काढली त्यांनी."

"का? चांगली होती ना?"

"हो."

वकीलसाहेब पंप मारत होते. बरंच मारावं लागलं. नंतर ते भिंतीला हात टेकवून सायकलवर बसले, उतरले, कडी पाहिली आणि म्हणाले, "बरोबर." मी वाकून पाहिलं. बरोबर होती. पैसे त्यांनी रेखाच्या हातात दिले. ती सोमवारी पाचोऱ्याला जाऊन सरलाकडे देणार आहे. आम्ही तिघांनी मिळून सायकल जीपच्या मागे बांधली. एक दोरी कमी पडली, ती मी घरातून आणली.

जीप कोपऱ्यावरून वळली. रेखा वर गेली. त्या सायकलच्या जागेत थोडं तेल सांडलं होतं, ते मी जुन्या फडक्याने पुसलं. माझी हार्डटेल महिनाभर भिंतीकडे ढकललेली होती, तिचं मागचं चाक बसलं होतं. ती ओढून बाहेर घेतली. पायाने दाबायचा मोठा पंप जिन्याखाली असतो. तो आणला, नळी लावली आणि चाकात हवा भरली. अंगठ्याने टायर दाबून पाहिला. मग टोपण लावलं आणि घट्ट केलं.