साहेबांची डावी चप्पल

अर्बाबांच्या, म्हणजे आमच्या अरब मालकांच्या, मजलिसमधून, त्यांच्या बैठकीतून, शुक्रवारचं जेवून निघालो. दाराशी चपलांचा ढीग. उजव्या पायात माझी रबरी चप्पल घातली, डाव्यात साहेबांची, मऊ चामड्याची. तसाच ऐटीत गाडीपर्यंत गेलो. पायाला फरकच कळला नाही.

साहेब म्हणजे आमच्या टाइल्सच्या शोरूमचे मॅनेजर. मराठीच. त्यामुळे अपमान थेट पोचायचा, मध्ये भाषांतर नाही.

"ए! इकडे आण. वाकून पायाशी ठेव."

दाराशी परत आलो, वाकलो. गुडघे गेले. दोन्ही तळवे तापलेल्या फरशीवर. उठता येईना.

"पोटाबरोबर पायपण कापून आलास काय रे?"

शोरूमची सगळी माणसं हसली. पूर्वी मीही हसायचो. हेच साहेब गिऱ्हाइकासमोर म्हणायचे, "याला बाजूला करा, मागच्या टाइल्स दिसत नाहीत." जाड्या माणसाला आधी स्वतःच हसावं लागतं. हसून हसून कंटाळलो आणि वजन उतरवायचं ऑपरेशन करून घेतलं. वजन उतरलं. मग पायांना मुंग्या आल्या. कुणाला सांगितलं नाही. पुन्हा हसले असते.

अर्बाब बाहेर आले. म्हणाले, "खलास!" म्हणजे बस्स झालं. हसू थांबलं. त्या म्हाताऱ्याने मला काखेत धरून उभं केलं. साहेबांचा पाय अजून पुढेच होता. नखं सुंदर कापलेली.

"तुमची चप्पल आहे," मी म्हणालो. "तुम्हीच वाका."

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी समजावलं. अशा ऑपरेशननंतर क्वचित कुणाच्या शरीरातली रोगाशी लढणारी ताकद स्वतःच्याच नसांवर उलटते. माझ्या पायांच्या नसा त्या ताकदीनेच खाल्ल्या होत्या. पाय परत येतील, पण वेळ लागेल, पूर्ण येतीलच असं नाही.

साहेबांचा फोन आला. चौकशीचा नव्हे.

"आळसाला भारी नाव शोधलंस. आलास की मागे गोडाऊनमध्ये बस. लंगडा माणूस गिऱ्हाइकासमोर नको."

आधी जाडा नको, आता लंगडा नको. या माणसाला आवडावं म्हणून मी पोट कापून घेतलं होतं! त्याची लायकी एका टाक्याएवढीही नव्हती.

"शोरूममध्येच बसणार," मी म्हणालो. "दारासमोर. काठी घेऊन. कामावरून काढायचं तर अर्बाबांसमोर काढा."

फोन ठेवला. 

बायको उशाशी सफरचंद किसत होती. मान वर न करता म्हणाली,

"अहो, मग काठी जरा जाडच घ्या."