सुकमतीच्या डब्यातली एक मूठ

निम्मे तांदूळ निवडून झाले होते, निम्मे सुपात तसेच पडले होते, आणि रोथुआमीने डोळे मिटून हात जोडले होते.

"हे दयाळू पित्या," ती मोठ्यांदा म्हणाली, "माझ्या डाव्या हाताला बसलेल्या रेमपुईला आठवण दे. तिनं सकाळी माझा चष्मा उचलून कुठं ठेवलाय? मला खडे दिसत नाहीत, प्रभू. आमेन."

रेमपुईने हसू दाबत फडताळावरचा चष्मा काढून दिला. दोघी एकाच खोलीत राहायच्या. रेमपुई बावीस वर्षांची, शिकलेली, वही कोरीव अक्षरांनी भरलेली. रोथुआमी, सगळ्यांची थुआमी, सत्तेचाळीसची, आणि तिच्या वहीत शब्दांपेक्षा तेलाचे डाग जास्त.

दुर्तलांगच्या डोंगरावरच्या चर्चच्या त्या प्रशिक्षणघरात नियम एकच होता. सकाळच्या घंटेपासून संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत आपली मिझो भाषा बंद. बोलायचं ते नेपाळीत, कारण जायचं होतं ते नेपाळी बोलणाऱ्यांच्या मुलखात. ज्याच्या तोंडून मिझो शब्द निसटेल त्यानं खालच्या टाकीवरून दोन डबे पाणी चढवून आणायचं. सूट फक्त प्रार्थनेला. देवाशी कुणी चाचरत बोलावं हे मास्तरांना, म्हणजे पू झाइरेमांना (पू म्हणजे मिझोत 'श्री'), बरं वाटेना.

ही फट थुआमीला पहिल्याच आठवड्यात सापडली. मग ती जेवताना चटणीसाठी प्रार्थना करू लागली. न्हाणीघराच्या दाराशी आत बसलेल्याच्या लवकर उद्धारासाठी करू लागली. शेवटी एका दुपारी पू झाइरेमांनीही ताटावर डोळे मिटले.

"प्रभू, ज्यांना चटणी इतक्या भक्तीनं हवी आहे, त्यांच्या दंडात चार डबे पाणी आणायचं बळ दे. आमेन."

थुआमीने सर्वांच्या आधी "आमेन" म्हटलं आणि डबे उचलले. वर आली ती घामानं निथळत, आणि नेपाळीत म्हणाली, "देवानं ऐकलं. हात दुखतात."

तिचं गाव चंफाईच्या पलीकडे. नवरा जाऊन आठ वर्षं झालेली, मुली आपापल्या घरी. सव्वीस वर्षं तिनं भात टाकताना आधी एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात काढला होता, जसा तिच्या आईनं काढला, जसा गावातली प्रत्येक बाई काढते. दर आठवड्याला चर्चच्या बायका तो गोळा करून नेतात आणि त्यावर कुणीतरी दूरदेशी देवाच्या कामाला जातं. "इतक्या जणांना पाठवलं," थुआमी एकदा सभेत उठून म्हणाली, "आता मलाच पाठवा. मी पोरांना जेवू घालीन." चहाच्या मळ्याजवळच्या मुलांच्या वसतिगृहाला सांभाळणारी बाई हवीच होती. गावानं निरोपाला मोठ्या कढईत मांस घालून पेज शिजवली, तीन भाषणं केली आणि अंगावर नवा विणलेला पुआन, मिझो बायका गुंडाळतात ते वस्त्र, घातला.

आता अडत होतं ते परीक्षेपाशी. शनिवारी पास झाली तर सोमवारी गाडी. नापास झाली तर यादीतलं पुढचं नाव जाणार, आणि थुआमीनं तो पुआन घेऊन तीन भाषणं ऐकलेल्या गावात परत शिरायचं.

परीक्षा कागदावर नव्हतीच. सुकमती राईच्या स्वयंपाकघरात सकाळ काढायची, तिच्याबरोबर रांधायचं, जेवायचं. एक मिझो शब्द निघाला की खेळ संपला. निकाल सुकमतीचा. तिचे नेपाळी आजोबा कधीकाळी इथं आले, तेव्हापासून घरात गाई आणि दुधाचा धंदा. तिची मिझो जीभ थुआमीपेक्षा तिखट होती, हे सगळा डोंगर जाणून होता. त्या शनिवारी सकाळी मात्र तिनं चेहरा असा केला होता की जणू मिझो कधी कानावर पडलीच नाही.

पू झाइरेमा ओसरीवर चहाचा पेला घेऊन बसले. आत थुआमीची नेपाळी बरी चालली होती. भाजी चिरली, "मीठ कुठे दिदी?" विचारलं, गाईचं नाव विचारलं, गाभण आहे का तेही विचारलं. मग सुकमती डुकराच्या मांसाला फोडणी द्यायला वळली आणि म्हणाली, "तांदूळ धू. डब्यातून तिघांचा घेतलाय मोजून."

थुआमीनं पातेलं ओढलं. हात आपोआप तांदळात गेला, मूठ भरून वर आला आणि मूठ आपोआप तिच्या खांद्यावरच्या पिशवीत, भजनाच्या पुस्तकाशेजारी रिकामी झाली. सव्वीस वर्षांचा हात तो. त्यानं कुणाला विचारलं नाही.

"काय टाकलंस पिशवीत?"

हे सुकमतीनं विचारलं, आणि विचारलं ते अस्सल, खणखणीत मिझोत.

ओसरीवर पेला ठेवल्याचा आवाज आला. मिझोत उत्तर दिलं असतं तर एका वाक्यात सुटका होती. तिनं दोन्ही हात जोडले, पापण्या खाली आल्या…

"डोळे उघड," सुकमती म्हणाली, अजून मिझोतच. "मास्तरांनी सांगितलंय मला तुझ्या प्रार्थनांचं. चोर आहेस का गं तू?"

थुआमीनं ओठ घट्ट दाबले. मग नेपाळीत, दगडावर पाय ठेवत ओढा ओलांडावा तशी, ती निघाली.

"चोर नाही. सवय. माझी आई, मी, सगळ्या बाया. भात करायचा, आधी एक मूठ देवाला. गोळा होतं. मग माणूस जातो, लांब."

"कुठं लांब?" सुकमतीही आता नेपाळीवर आली.

"तुमच्याकडे. म्हणजे तुमच्यासारख्यांकडे."

"कोण जातो?"

"मी."

सुकमतीनं कालथा कढईवर आपटला. "म्हणजे तुला आमच्याकडे पाठवायला तांदूळही आमचाच?"

ओसरीवर पू झाइरेमांना चहाचा ठसका लागला. थुआमीचा चेहरा लाल झाला, पण गप्प बसणं तिच्या रक्तातच नव्हतं.

"तुझा तांदूळ, तर तूही पाठवलं मला," ती ठासून म्हणाली. "मग नापास कशी करशील? तुझी मूठ फुकट जाईल!"

"बघा बघा! चोरी करून वर मलाच धाक! आणि तिथं जाऊन काय करणार? पोरांचे डबे उपसणार?"

"भात घालणार. पोरं रडली तर जवळ घेणार. ताप आला तर रात्रभर बसणार. मला पुस्तकातली वाक्यं येत नाहीत, दिदी. एवढं येतं."

कढईत मांस चरचरत होतं. सुकमती पदराआड हसायला लागली, आणि ते हसू काही केल्या आवरेना. तिनं थुआमीच्या पिशवीत हात घातला. थुआमीला वाटलं, काढून घेते. पण सुकमतीनं मूठ भरली आहे का ते चाचपलं, नाक मुरडलं आणि पातेल्यातून अजून थोडे तांदूळ तिच्यात टाकले.

"देवाला द्यायची तर नीट मूठ दे. ही चिमणीची झाली. आम्ही आज थोडा कमी भात खाऊ."

जेवणं झाल्यावर तिनं ओसरीवर येऊन निकाल दिला.

"मास्तर, हिचं बोलणं पायात दोर अडकलेल्या वासरासारखं आहे. पण अडकलं तरी थांबत नाही. पाठवा हिला. फक्त तिथल्या बायांना आधी कळवा, डबे झाकून ठेवा म्हणावं."

पू झाइरेमांनी डोळे मिटले. "प्रभू, तुझे आभार. आमेन." मग एक डोळा उघडून ते थुआमीला म्हणाले, "ही खरी होती हं."

थुआमीनं पुआनच्या टोकानं डोळे पुसले. एवढ्यात गोठ्यातून हंबरणं आलं, आणि सुकमतीनं एक रिकामं पोतं तिच्या हातात कोंबलं.

"मूठ फुकट नाही दिली. गाईचा कोंडा संपलाय. उद्या रविवार, दुकानं बंद. पळ."

थुआमी पोतं खांद्यावर टाकून उतरणीला लागली, गव्हाचा कोंडा आणायला.