पेल्याची दुसरी कड

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुला का सांगतेय, तेही नीट कळत नाही.

लंडनजवळ वॉटफर्डला आमची मराठी ख्रिस्ती मंडळी महिन्यातून एकदा जमते — एका इंग्लिश चर्चचा हॉल दुपारपुरता मिळतो. आधी उपासना, मग प्रभुभोजन, मग चहा आणि कोणीतरी आणलेला चिवडा. प्रभुभोजनाला आमच्याकडे पेला एकच. चांदीचा, नगरहून आणलेला. द्राक्षरस भरून तो हातोहात फिरतो आणि सगळे त्यातूनच पितात. इतर ठिकाणी छोटे छोटे कप असतात, आम्ही ते कधी घेतले नाहीत. का, ते सांगायला हवं, कारण माझं पाप तिथेच आहे.

माझे खापरपणजोबा ब्राह्मण होते. ख्रिस्ती झाले तेव्हा बाप्तिस्म्याचं पाणी त्यांना जड गेलं नाही. जड गेला तो पेला. त्यांच्या आधी तो एका मांग गृहस्थांनी तोंडाला लावला होता. सगळी मंडळी बघत होती, मिशनरी साहेबही. जात खरंच सुटली की नाही, हे तेव्हा पेल्यावर ठरायचं. ते प्यायले. आमच्या घरी दर नाताळला, करंज्या खाताना, ही गोष्ट सांगितली जाते. मीही सांगते. छान सांगते.

मग सुशीलाताई आल्या. इथल्या हॉस्पिटलात नर्स, एकट्या, जालन्याकडच्या. त्या गायला लागल्या की मुलंसुद्धा गप्प बसायची. मला त्या आवडायच्या — हे खोटं नाही. एकदा फोनवर आईने त्यांचं गाव विचारलं, आडनाव विचारलं, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "मांगांतले गं ते." बस. एवढंच. पिढ्यानपिढ्या ख्रिस्ती असलेल्या मला एवढं पुरलं.

पुढच्या प्रभुभोजनाला त्या माझ्या शेजारी होत्या. त्यांच्या हातून पेला आला आणि मी तो हळूच फिरवला — त्यांचे ओठ लागले होते त्याच्या पलीकडच्या कडेने प्यायले. कोणाला दिसलं? कोणालाच नाही. नंतरही तसंच करत राहिले. एकदा पेला विसळताना त्या मला म्हणाल्या, "गावच्या हॉटेलात माझ्या वडिलांचा कप बाहेर, वळचणीला असायचा. त्यांनीच धुवायचा, पालथा घालायचा. मी या पेल्यासाठी इथे येते, खरं सांगू?" मी मान हलवली. मला लाज वाटली असेल असं वाटतं ना तुला? नाही — मला त्यांचा राग आला.

त्या हिवाळ्यात त्यांना जरा खोकला झाला, तुला-मला होतो तसा. मी कार पार्कमध्ये आमच्या पाळकांना गाठलं. "सुशीलाताईंचा खोकला जातच नाहीये. लहान मुलं असतात, तर त्यांना सेपरेट कप दिलेला बरा ना? हेल्थ अँड सेफ्टी म्हणून." भले गृहस्थ. त्यांना पटलं. कप मीच विकत आणला.

"ताई, डोन्ट माइंड, विंटरपुरतंच हं," म्हणत पाळकांनी तो सुशीलाताईंच्या हातात ठेवला. त्या प्यायल्या. उपासना संपल्यावर त्यांनी तो कप स्वतः धुतला आणि हॉलच्या दाराबाहेर, पायरीवर पालथा घातला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कोट चढवला, सगळ्यांना सलाम केला आणि गेल्या.

त्या परत आल्या नाहीत. नॉटिंगहॅमला नोकरी घेतली म्हणे. तिथे मराठीत उपासना होते का, माहीत नाही. त्या अजून गातात का — तेही नाही. मी कधी फोन केला नाही. नंबर होता. प्रार्थनेत क्षमेची ओळ आली की माझे ओठ हलतात, आवाज निघत नाही. आता निघेल असंही वाटत नाही.

गेल्या नाताळात पाळकांनी मला खापरपणजोबांची गोष्ट सांगायला उभं केलं. मी सांगितली. पुढच्या रांगेत एक-दोघी डोळे पुसत होत्या. मग प्रभुभोजन झालं, आणि पेला माझ्यापर्यंत आला.

मी तो फिरवला नाही. फिरवायचं कारण उरलं नव्हतं.